मज्जारज्जूत रोवलेल्या पेशी जातात कुठे?

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मानवी न्यूरल स्टेम सेल (चेतापेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशी) न्यूरोस्फिअरच्या, म्हणजे तरंगत्या गोळ्यांच्या, रूपात वाढवल्या आणि ट्रिप्सिन या एन्झाइमने सुट्या केल्या. रॅटच्या मज्जारज्जूला टी-९ पातळीवर, म्हणजे छातीच्या भागातल्या नवव्या मणक्याजवळ, आघाताची जखम केली आणि नवव्या दिवशी जखमेच्या मध्यात व कडेला मिळून चार ठिकाणी पेशींचं प्रत्येकी २ मायक्रोलिटर मिश्रण सोडलं. मायक्रोलिटरला १ लाख पेशी, म्हणजे एकूण ८ लाख. मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या ट्रिपॅन ब्ल्यूनुसार ९४ टक्के पेशी जिवंत होत्या. एका दिवसात सहा प्राणी झाले, त्याला पाच तास लागले आणि तेवढा वेळ पेशी बर्फावर होत्या. रोगप्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन रोज दिलं. आठ आठवड्यांनी सरासरी १५ हजार पेशी सापडल्या, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. त्यातल्या बहुतेक नेस्टिन किंवा डबलकॉर्टिन (अपरिपक्व पेशींच्या खुणा) दाखवणाऱ्या, प्रौढ न्यूरॉन जवळपास नाहीत. "लाइनच खराब आहे का? नवीन मागवू का?"

एवढ्या माहितीवर लाइनला, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या त्या पेशीवंशाला, दोष देता येत नाही. इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत: किती पेशी टिकल्या, आणि टिकलेल्या पेशींचं काय झालं. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, त्याकडे नंतर येतो. पहिल्याचं उत्तर तुमच्याकडे अजून नाही, कारण आठव्या आठवड्यातला आकडा म्हणजे खात्यातली शेवटची शिल्लक. मधे किती पेशी मेल्या आणि उरलेल्या किती वेळा विभागल्या, हे तो सांगत नाही. समजा सुरुवातीला ९० टक्के पेशी मेल्या आणि उरलेल्या १० टक्के तीनदा दुप्पट झाल्या, तर शेवटी ८० टक्के दिसतील आणि सगळे खूश होतील. याउलट सुरुवातीला ६० टक्के टिकून पाचव्या आठवड्यात रोगप्रतिकारशक्तीने त्या संपवल्या, तर शेवटी तुमच्यासारखे दोन टक्के दिसतील. दोन्हींवरचे उपाय पूर्ण वेगळे.

नवीन प्राणी घेण्याआधी जे पैसे न खर्चता तपासता येतं, ते तपासा. म्हणजे मोजणी. मज्जारज्जूच्या पातळ कापांपैकी (छेदांपैकी) दर सहातला एकच घेऊन मोजलं असेल, तर सहाने गुणलं का? हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण एकाने छेद कापले आणि दुसऱ्याने मोजले तर ही चूक सहज होते. मोजणी केंद्रकावरच्या मानवी खुणेवर करा: ह्यूमन न्यूक्लियर अँटिजेन किंवा केयू-८०. स्टेम-१२१ सारखी पेशीद्रवातली खूण पेशी कुठवर पसरल्या हे पाहायला उत्तम, पण दाट पुंजक्यात एक पेशी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे तिच्यावरून कळत नाही. फक्त जीएफपीवर (पेशीत जनुक घालून बनवलेलं चमकणारं प्रथिन) विसंबून मोजलं असेल तर तो आकडा बाजूला ठेवा. जनुक शांत झालं की जिवंत पेशी अदृश्य होते, आणि जखमेतल्या मॅक्रोफेजमधला (कचरा गिळणाऱ्या पेशींमधला) लिपोफ्युसिन हा रंगकण स्वतःच चमकत असल्याने नसलेली पेशी दिसते. बीआरडीयूने (विभागणाऱ्या पेशीच्या डीएनएत शिरणारी खूण) आधी रंगवलेल्या पेशी वापरल्या असतील तरी तोच धोका: मेलेल्या पेशीतला बीआरडीयू यजमान प्राण्याच्या विभागणाऱ्या पेशी उचलतात. प्रत्येक रंगाईत पेशी न टोचलेल्या जखमी प्राण्याचा एक छेद आणि मानवी पेशी नक्की असलेला एक छेद सोबत ठेवा. हे दोन नसतील तर बाकीच्या छेदांचा अर्थ लावू नका.

मोजणी बरोबर निघाली, तर पुढचा प्रयोग मोठा करू नका. छोटाच करा, पण तीन वेळा मोजा: ४८ तास, २ आठवडे, ८ आठवडे. प्रत्येक वेळेला तीन-चार प्राणी पुरतात, कारण इथे सूक्ष्म फरक शोधायचा नाही, गळती कोणत्या टप्प्यावर आहे एवढंच पाहायचं आहे. ४८ तासांनाच पेशी नसतील, तर दोष हाताळणीचा, टोचण्याचा किंवा जागेचा. दोन आठवड्यांना चांगल्या असून आठ आठवड्यांना गेल्या असतील, तर संशय रोगप्रतिकारशक्तीवर. प्रत्येक वेळी केआय-६७ (विभागणाऱ्या पेशींची खूण) आणि मानवी केंद्रक एकत्र रंगवा, म्हणजे विभागणी किती चालू आहे तेही कळेल.

तुमच्या वर्णनावरून मला सर्वांत जास्त शंका पहिल्या काही तासांची येते, म्हणून तिथेच थोडा जास्त वेळ घालवतो.

ट्रिपॅन ब्ल्यू एवढंच सांगतो की त्या क्षणी पेशीचं आवरण शाबूत होतं. आधारापासून आणि शेजारच्या पेशींपासून तोडलेली न्यूरल पेशी मरायचं ठरवते आणि प्रत्यक्ष मरते, यात कित्येक तास जातात. त्यामुळे ९४ टक्के हा आकडा खोटा नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तरही नाही. खरी चाचणी साधी आहे. शेवटच्या प्राण्यानंतर सिरिंजमध्ये उरलेल्या पेशी त्याच सुईतून बाहेर काढा, पॉलिऑर्निथिन आणि लॅमिनिनचा (पेशींना चिकटायला मदत करणाऱ्या पदार्थांचा) थर दिलेल्या प्लेटमध्ये पेरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती चिकटल्या ते मोजा. सकाळी सुट्या केल्याबरोबर पेरलेल्या पेशी शेजारच्या खान्यात ठेवा. दोन खान्यांतला फरक म्हणजे तुमच्या शस्त्रक्रियेच्या दिवसाची किंमत. प्रत्येक रोपणाच्या दिवशी हे कराच. यात एक प्लेट आणि दहा मिनिटं जातात.

सुट्या करताना ट्रिप्सिनऐवजी अ‍ॅक्युटेज वापरा (हे सौम्य एन्झाइम मिश्रण आहे), ३७ अंशांवर ५ ते १० मिनिटं. ट्रिप्सिन पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं खरडून काढतं, आणि ऊतीला धरून राहायला पेशीला तीच लागतात. स्फिअर फार मोठे होऊ देऊ नका. २५०-३०० मायक्रॉनच्या पुढे आतल्या पेशींना ऑक्सिजन आणि पोषण पुरत नाही, गाभा मरतो, आणि ते सगळं तुमच्या मिश्रणात येतं. १०० ते १५० मायक्रॉनला घेतलेले स्फिअर कमी घासावे लागतात. २०० मायक्रोलिटरच्या टिपने दहा-पंधरा वेळा वर-खाली केलं की बस, बुडबुडे न येऊ देता. त्याने सुटत नसतील तर जोर वाढवू नका, एन्झाइमला दोन मिनिटं जास्त द्या. मेलेल्या पेशींचा डीएनए चिकट धागा बनून जिवंत पेशींचे गोळे करतो, म्हणून डीएनए तोडणारं डीएनेज हे एन्झाइम घाला आणि ४० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा. डीएनेजला मॅग्नेशियम लागतं हे विसरू नका. कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या द्रावात ते नुसतं तरंगत राहतं. शेवटी ते धुऊन टाका.

आता पाच तासांचा मुद्दा. मायक्रोलिटरला १ लाख ही घनता मोठी आहे. इतक्या दाटीत पेशी बर्फावरही हळूहळू गोळा होतात, द्राव आम्ल होतो, तळाशी थर बसतो. सकाळच्या पहिल्या प्राण्याला आणि दुपारच्या सहाव्याला तुम्ही एकच गोष्ट टोचलेली नाही. सुट्या केलेल्या पेशी पातळ ठेवा, दर दोन प्राण्यांसाठी त्यातला भाग घेऊन तेव्हाच घट्ट करा, आणि घट्ट केलेला भाग दोन तासांत संपवा. घनता ५० हजारांवर आणली तरी मला चालेल. गट मिसळून शस्त्रक्रिया करा: सगळे नियंत्रण गटाचे सकाळी आणि सगळे पेशींचे दुपारी असं झालं, तर निकालात वेळेचा परिणाम मिसळतो आणि तो नंतर वेगळा काढता येत नाही. तुमच्याकडे सहा प्राण्यांचे वेगवेगळे आकडे आहेतच. ते शस्त्रक्रियेच्या क्रमाने मांडून पाहा. उतरती रांग दिसली, तर निम्मं उत्तर आजच मिळालं.

टोचण्याकडे येऊ. २ मायक्रोलिटर हा आकडा मेंदूसाठी सवयीचा आहे. मज्जारज्जूत तो हिशेब करून पाहा: २ मायक्रोलिटरचा गोळा सुमारे दीड मिलिमीटर व्यासाचा होतो, आणि रॅटचा मज्जारज्जू तिथे जेमतेम तीन मिलिमीटर रुंद असतो. अर्ध्या रुंदीचा गोळा आत शिरतो तेव्हा एकतर तो ऊती फाडतो किंवा सुईच्या वाटेने परत बाहेर येतो. बहुधा दोन्ही. एका जागी अर्धा ते एक मायक्रोलिटर द्या आणि हव्या तर जागा वाढवा. वेग मिनिटाला ०.२ ते ०.५ मायक्रोलिटर. संपल्यावर सुई पाच मिनिटं तशीच ठेवा आणि मग सावकाश काढा. ठरलेल्या खोलीपेक्षा ०.२ मिलिमीटर खाली जाऊन परत वर आलात, तर पेशींना बसायला छोटी जागा तयार होते. २६ गेजच्या सुईचा बाहेरचा व्यास जवळपास अर्धा मिलिमीटर असतो, मज्जारज्जूसाठी तो फार. तिरपं टोक घासलेली, आतून ७० ते १०० मायक्रॉनची काचेची नळी सर्वांत कमी इजा करते. मात्र ती तुंबते, आणि तुंबलेली बाहेरून कळत नाही. म्हणून प्रत्येक जागेनंतर सुई बाहेर काढून एक बारीक थेंब बाहेर येतो का ते मायक्रोस्कोपखाली पाहा. थेंब आला नाही, तर त्या जागेची नोंद "शंकास्पद" अशी करा, नाही तर तो प्राणी सरासरी खाली ओढतो आणि कारण कुणालाच कळत नाही. सिरिंज आणि नळीच्या मधे हवा असू नये. हवा दबते, आणि पंप थांबल्यावरही पेशी पुढे ढकलल्या जात राहतात. मधला भाग खनिज तेलाने भरा.

आणखी एक बारीक गोष्ट. चारही जागांचे ८ मायक्रोलिटर एकदम भरले असतील, तर उभ्या सिरिंजमध्ये पेशी खाली बसतात. पहिल्या जागी दाट मिश्रण जातं, चौथ्या जागी नुसतं पाणी. प्रत्येक जागेसाठी मिश्रण हलकेच ढवळून नव्याने भरा.

जागा निवडण्यात मतभेद आहेत. जखमेचा मध्य ही पेशींसाठी वाईट जागा असते: रक्तवाहिन्या तुटलेल्या, धरायला आधार नाही, मॅक्रोफेजची गर्दी. तिथे टाकलेला भाग मी हिशेबात जवळपास गेलाच धरतो. टिकाव हा प्रश्न असेल तेव्हा जखमेच्या वर आणि खाली, शाबूत दिसणाऱ्या कडेत टोचा. पेशी तिथून स्वतःहून सरकतात. पोकळीच भरायची असेल, म्हणजे आरपार दुवा तयार करणं हा तुमचा उद्देश असेल, तर नुसत्या द्रावात पेशी राहणार नाहीत, फायब्रिनसारखा (रक्ताच्या गुठळीतलं जाळीदार प्रथिन) आधार लागेल. २०१२ मध्ये रॅटच्या पूर्ण कापलेल्या मज्जारज्जूत फायब्रिन आणि वाढघटकांच्या मिश्रणात पेशी ठेवून लांबवर ॲक्सॉन (चेतापेशींचे लांब तंतू) गेल्याचं दाखवलं गेलं. नंतर माकडांत तेच करताना सुरुवातीला पेशी जागेवरून वाहून गेल्या आणि पद्धत बदलावी लागली. फायब्रिन बनवणारे दोन घटक, फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन, वेगळ्या भागांत ठेवून जागेवरच एकत्र करा, नाही तर जेल सुईतच गोठतं. या पद्धतीत पेशी दूर जाऊन नको तिथे वस्ती केल्याचंही आढळलं आहे, तेव्हा फक्त जखमेच्या आसपासचे छेद पाहून थांबू नका.

नववा दिवस ही वेळ चांगली आहे. पहिल्या दिवशी न्यूट्रोफिलची (दाहाच्या वेळी धावणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींची) गर्दी असते आणि त्या वातावरणात मानवी पेशी अ‍ॅस्ट्रोसाइटकडे (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींकडे) झुकतात. फार उशीर केला तर व्रण घट्ट होतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या प्रयोगात माऊसच्या मज्जारज्जूत नवव्या दिवशीच ७५ हजार मानवी पेशी दिल्या होत्या. चाल सुधारल्यावर डिप्थेरिया टॉक्सिन दिलं, जे मानवी पेशी मारतं पण माऊसच्या नाही, आणि सुधारणा नाहीशी झाली. त्यांच्या पेशी तुमच्या एक-दशांशाहून कमी होत्या, हे लक्षात घ्या. माणसांवरच्या चाचण्यांतही अशीच मधली वेळ निवडली जाते: जपानमध्ये आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशी मूळ अवस्थेत परत नेऊन बनवलेल्या) बनवलेल्या न्यूरल पेशींची मज्जारज्जूच्या इजेवरची चाचणी २ दशलक्ष पेशींनी, इजेनंतर १४ ते २८ दिवसांत झाली.

२००५ च्या प्रयोगातल्या माऊस मात्र रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या, नॉड-स्किड जातीच्या होत्या. तुमच्या रॅटची शक्ती शाबूत आहे आणि सायक्लोस्पोरिनवर भिस्त आहे. रोज किलोमागे १० मिलिग्रॅम ही नेहमीची मात्रा, पण ती रोपणाच्या आधी एक-दोन दिवस सुरू केली होती का? शनिवार-रविवारी चुकली का? रक्तातली पातळी मोजली का? टोचल्यानंतर २४ तासांनी, पुढचा डोस देण्याआधी रक्त घ्या, आणि औषध टोचतो त्या जागेजवळून घेऊ नका, आकडा फुगतो. आठ आठवडे हे औषध मूत्रपिंडाला जड जातं. वजन उतरलेला प्राणी चालण्याच्या चाचणीतही मागे पडतो आणि तो दोष पेशींच्या नावावर जमा होतो. छेदांत सीडी-४ आणि सीडी-८ पेशी (परक्या पेशींवर हल्ला करणाऱ्या टी पेशी) रक्तवाहिन्यांभोवती कड्यासारख्या दिसल्या, तर शरीर रोपण नाकारत होतं असं समजा. टी पेशी नसलेले आरएनयू रॅट घेतले तर हा प्रश्न बराचसा मिटतो, पूर्ण नाही, कारण त्यांच्या एनके (नॅचरल किलर) पेशी आणि मॅक्रोफेज कामावर असतात. शिवाय त्यांच्यात जखम वेगळी भरते, म्हणून नियंत्रण गटही त्याच जातीचा हवा.

आता तो सोपा प्रश्न: न्यूरॉन का नाहीत? कारण आठ आठवडे झाले आहेत. मानवी पेशी रॅटच्या शरीरात गेली म्हणून रॅटच्या घड्याळाने चालत नाही. तिचं वेळापत्रक तिच्याबरोबर येतं, आणि ते महिन्यांचं आहे. दोन महिन्यांना नेस्टिन आणि डबलकॉर्टिन दिसणं हे अपयश नाही, तिथे तेच दिसायला हवं. प्रौढ न्यूरॉनच्या खुणा पाहायच्या असतील तर तीन आणि सहा महिने थांबा. ग्लिया (न्यूरॉनना आधार देणाऱ्या) पेशी तर त्याहून उशिरा पिकतात. अशा रोपणांचा रॅटमध्ये दीड वर्षांपर्यंत पाठपुरावा झाला आहे आणि तोवरही पेशी बदलत होत्या. आठव्या आठवड्यात चालण्यात सुधारणा दिसली असती, तरी ती नव्या न्यूरॉननी जोडणी केल्याने झाली असं म्हणता आलं नसतं.

शेवटी लाइन. ती निर्दोष आहे असं मी म्हणत नाही, तिच्यावर आरोप ठेवायला पुरावा नाही एवढंच. मायकोप्लाझ्मा (संवर्धनात नकळत शिरणारे जिवाणू) तपासा. कितवा पॅसेज आहे, म्हणजे पेशी किती वेळा नव्या भांड्यात हलवून वाढवल्या, ते पाहा. ईजीएफ आणि एफजीएफ-२ या वाढघटकांवर बराच काळ वाढलेल्या पेशी न्यूरॉन कमी आणि अ‍ॅस्ट्रोसाइट जास्त देऊ लागतात. त्या मूळच्या कुठल्या भागाच्या आहेत तेही पाहा. फॉक्स-जी-१ दाखवणाऱ्या पुढच्या मेंदूच्या पेशी मज्जारज्जूत टिकतील, पण कॉर्टिकोस्पायनल (मेंदूकडून मज्जारज्जूत हालचालीचे आदेश नेणारे) ॲक्सॉन मज्जारज्जूची ओळख असलेल्या रोपणातच शिरतात, हे २०१६ मध्ये दाखवलं गेलं आहे. तुम्हाला पुढे तेच हवं असेल तर आत्ताच पेशी कुठल्या भागाच्या आहेत हे सांगणारी हॉक्स जनुकं तपासा. गुणसूत्रंही पाहा: मानवी न्यूरल पेशींच्या संवर्धनात ७ आणि १९ क्रमांकाच्या गुणसूत्राची तिसरी प्रत आढळलेली आहे. आयपीएसपासून बनवलेल्या असतील तर २० क्रमांकाच्या गुणसूत्रातल्या २०क्यू११.२१ भागाची वाढ खास शोधावी लागते, कारण ती इतकी छोटी असते की जी-बँडिंगमध्ये (गुणसूत्रं रंगवून पाहण्याच्या नेहमीच्या चाचणीत) निसटते. हे बदल पेशी जास्त टिकवतात, कमी नाही. म्हणून नवीन लाइनने अचानक १५० टक्के दिले तर आनंद करण्याआधी केआय-६७ पाहा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली नोंद या कामातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी: अ‍ॅटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया हा आनुवंशिक आजार असलेल्या मुलाला गर्भातल्या न्यूरल पेशी देण्यात आल्या, आणि पहिल्या उपचारानंतर चार वर्षांनी त्याच्या मेंदूत व मज्जारज्जूत दात्याच्या पेशींपासून वाढलेल्या गाठी सापडल्या. कमी टिकलेल्या पेशींमुळे प्रयोग वाया जातो. जास्त टिकलेल्यांमुळे माणसाचा जीव धोक्यात येतो.

लाइनचा निवाडा करणारी चाचणी एकच, आणि ती जखमेत होत नाही. त्याच दिवशीच्या, त्याच सिरिंजमधल्या पेशी रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या तीन प्राण्यांच्या शाबूत स्ट्रायटममध्ये (मेंदूचा आतला एक भाग) द्या: १ मायक्रोलिटर, ५० हजार पेशी. दोन आठवड्यांनी पाहा. तिथे पेशी भरपूर असतील, तर लाइन चांगली आहे आणि वरचे टप्पे दुरुस्त करायचे आहेत. तिथेही नसतील, आणि लॅमिनिनवर पेरलेल्या पेशी मात्र दुसऱ्या दिवशी छान चिकटल्या असतील, तर आधी त्याच लाइनची कमी पॅसेजची गोठवलेली कुपी काढून हीच चाचणी पुन्हा करा. तीही नापास झाली, तर नवीन लाइन मागवा.